कोकणातून एकवीरेच्या दर्शनाला : कुटुंबासह मावळयात्रेचे नियोजन

पुणे जिल्ह्यातील मावळ तालुक्यात, लोणावळ्यापासून सुमारे दहा-अकरा किलोमीटर अंतरावर, वेहेरगावच्या डोंगरात श्री एकवीरा देवीचे स्थान आहे. देवीचे ठाणे घाटमाथ्यावर. परंतु तिला कुलस्वामिनी मानणारी बहुसंख्य घराणी समुद्रकाठची आहेत. मुंबई, ठाणे, पालघर व रायगड या जिल्ह्यांतील कोळी, आगरी, चांद्रसेनीय कायस्थ प्रभू, पाठारे प्रभू अशा अनेक समाजांतील कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या घाट चढून येथे येत आहेत. घरात लग्न झाले, बाळ जन्मले, नवी होडी पाण्यात उतरली की आईच्या पायांवर डोके ठेवून जाण्याची रीत आजही पाळली जाते.

पूर्वी ही यात्रा मुक्कामाची असे. बैलगाडीने अथवा पायी खोपोलीपर्यंत यावयाचे, घाट चढावयाचा, डोंगराच्या पायथ्याशी चूल मांडावयाची, दुसऱ्या दिवशी ओटी भरून परत फिरावयाचे. १८६३ मध्ये बोरघाटातून रेल्वे सुरू झाली आणि २००२ मध्ये मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पूर्ण झाला, तेव्हा अंतर तेवढेच राहिले पण वेळ आटला. आता पहाटे निघून दुपारच्या जेवणाला घरी परतणारी कुटुंबे पुष्कळ आहेत. ही सोय चांगलीच. मात्र तिची एक किंमत आहे. घाईच्या यात्रेत ज्या आजीने नवस बोललेला असतो तीच पायऱ्या पाहून गाडीत बसून राहते, आणि मुलांना डोंगर, लेणे व किल्ला यांतील काहीही न दिसता फक्त गर्दी दिसते. थोडा विचार करून दोन दिवसांची आखणी केली तर या दोन्ही गोष्टी टाळता येतात. शाळेच्या सुट्टीत समुद्रकाठच्या कुटुंबाने मावळात येण्याचे ठरविल्यास ती आखणी कशी असावी, याची माहिती पुढे दिली आहे.

बंदर आणि घाट यांचे नाते

सर्वप्रथम हे समजून घेणे उपयुक्त ठरेल की किनारा आणि हा डोंगर यांचा संबंध केवळ कुळाचाराचा नाही. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी सोपारा, कल्याण व चौल ही पश्चिम किनाऱ्यावरील नामांकित बंदरे होती. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक दर्यावर्दीने लिहिलेल्या प्रवासपुस्तिकेत या तिन्ही बंदरांची नावे आलेली आहेत. बंदरात उतरलेला माल देशावर न्यावयाचा तर सह्याद्री ओलांडणे भाग होते. कल्याणहून जुन्नरकडे जाणारे तांडे नाणेघाट चढत, तर मावळाकडे येणारे बोरघाटाने वर येत. घाट संपताच इंद्रायणीचे रुंद व सपाट खोरे लागते. या परिसराच्या डोंगरांत कार्ले, भाजे व बेडसे ही लेणी खोदली गेली, हा योगायोग नव्हे. पावसाळ्याचे चार महिने एका जागी राहणाऱ्या भिक्षूंना आश्रय हवा होता आणि वाटेने जाणाऱ्या व्यापाऱ्यांना दानाचे पुण्य हवे होते.

कार्ल्याच्या चैत्यगृहातील शिलालेख वाचले की हे अधिक स्पष्ट होते. वैजयंती म्हणजे आजच्या कर्नाटकातील बनवासी येथील भूतपाल नावाच्या श्रेष्ठीने हे शैलगृह पूर्णत्वास नेल्याचा उल्लेख तेथे आहे. धेनुकाकट या गावच्या अनेक दात्यांनी, त्यांत स्वतःला यवन म्हणविणाऱ्यांनीही, एकेक खांब दिला. एक खांब सोपाऱ्याच्या एका भिक्षूने दिलेला आहे. ज्या वसई-सोपारा भागातून आज बसगाड्या भरून भाविक येतात, त्याच भागातील एक जण सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वी याच डोंगरावर आपले दान नोंदवून गेला, ही गोष्ट त्या भागातील मुलांना खांबापाशी उभे करून अवश्य सांगावी. दरवाजा घडविणाऱ्या सुताराचे नावही लेखात आहे. राजांची नावे पुष्कळ ठिकाणी सापडतात, सुताराचे क्वचितच.

क्षत्रप नहपानाचा जावई ऋषभदत्त याने येथील भिक्षूंच्या निर्वाहासाठी एक गाव दान दिल्याची नोंद याच लेण्यात आहे. लेखांतून या स्थळाचे प्राचीन नाव ‘वलुरक’ असे येते. आणखी एका लेखात ‘मामाल’ या प्रदेशाच्या अधिकाऱ्याला आज्ञा दिलेली आहे. ‘मावळ’ हे नाव त्या ‘मामाल’वरून आले असे अभ्यासक मानतात. वेहेरगाव या नावातही ‘विहार’ हा शब्द दडलेला आहे असे म्हणतात.

कोणत्या महिन्यात यावे

हा प्रश्न वरवर साधा वाटतो. पण समुद्रावर पोट असणाऱ्या कुटुंबाला तो सर्वांत अवघड जातो. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या, जाळी दुरुस्तीला काढलेली आणि घरातील कर्ती माणसे घरी, असा हा काळ. साहजिकच सहकुटुंब बाहेर पडण्याचा विचार याच दिवसांत होतो. परंतु नेमक्या याच दिवसांत मावळात पाऊस कोसळत असतो. लोणावळ्याला वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो व त्याचा मोठा हिस्सा जुलै-ऑगस्टमध्ये येतो. पायऱ्यांवर शेवाळ, धुक्यात हरवलेली वाट आणि रविवारी घाटात लागलेली वाहनांची रांग या तिन्ही गोष्टी गृहीत धराव्या लागतात. आगरी कुटुंबांना तर जुलैमध्ये भातलावणी सोडून निघताच येत नाही.

चैत्री यात्रा हा कुळाचाराचा मुख्य काळ. चैत्र शुद्ध षष्ठीला देवीचे बंधू मानल्या गेलेल्या भैरवनाथाचा उत्सव जवळच्या देवघर गावी होतो, सप्तमीला देवीची पालखी निघते आणि अष्टमीला पहाटे तेलवणाचा विधी होतो. किनाऱ्यावरच्या गावांतून पायी पालख्या या वेळी येतात. ‘आई माऊलीचा उदो उदो’ या गजराने डोंगर दुमदुमतो. हा सोहळा एकदा तरी पाहावा असाच आहे; तथापि तान्ही मुले, गरोदर स्त्रिया व हृदयविकार असलेल्या व्यक्ती यांना घेऊन सप्तमीला येण्याचा आग्रह धरू नये. मानाच्या घराण्यांना तिथी चुकविता येत नाही, हे खरे. अशा वेळी मान असलेल्या एक-दोघांनी सप्तमीला यावे आणि उरलेल्या कुटुंबाने पौर्णिमेनंतरचा एखादा साधा वार निवडावा. नवरात्रातील गर्दीच्या दिवसांनाही हेच लागू.

गर्दी नको आणि डोंगरही हिरवा हवा, तर दिवाळीच्या सुट्टीचा काळ सर्वांत सोयीचा. पाऊस उघडलेला असतो, हवा स्वच्छ असते, खोऱ्यात भाताची कापणी चाललेली असते. एप्रिल-मे महिन्यांत यावयाचे झाल्यास सकाळी आठच्या आत पायऱ्या चढावयास लागावे. दहानंतर कातळ तापतो. रविवार, मंगळवार व शुक्रवार हे देवीचे वार असल्याने या दिवशी रांग मोठी असते. बुधवार किंवा गुरुवार निवडल्यास वृद्धांना गाभाऱ्यासमोर शांतपणे उभे राहता येते.

प्रवास आणि मुक्काम

मुंबईहून लोणावळा रेल्वेने १२८ किलोमीटर व पुण्याहून ६४ किलोमीटर आहे. मुंबईकडून येणाऱ्या अनेक एक्सप्रेस गाड्या लोणावळ्यास थांबतात. भाजे व कार्ले यांना जवळचे मळवली स्थानक मात्र छोटे असून तेथे पुणे-लोणावळा लोकल गाड्यांचाच उपयोग होतो. दुपारच्या वेळी या लोकल गाड्यांत बरेच अंतर असते, म्हणून परतीची वेळ आधी पाहून ठेवावी. स्वतःच्या वाहनाने येणाऱ्यांनी लोणावळ्याला द्रुतगती मार्ग सोडून जुन्या महामार्गाने कार्ला फाट्यावर यावे.

घाट चढताना शक्य असेल तर जुन्या रस्त्याने यावे. या रस्त्यावर शिंग्रोबाचे छोटे देऊळ आहे. घाटाची वाट इंग्रजांना एका धनगराने दाखविली व त्याबद्दल त्याला प्राणास मुकावे लागले, अशी कथा सांगितली जाते. वाहनचालक आजही येथे हात जोडल्याशिवाय पुढे जात नाहीत. पाच मिनिटे थांबून मुलांना खालचे कोकण दाखवावे. आपण किती चढून आलो हे तेथे कळते.

मुक्कामासाठी लोणावळ्यात सर्व प्रकारची निवासस्थाने आहेत. कार्ला येथे महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाचे निवासस्थान आहे. वृद्ध मंडळी बरोबर असल्यास लोणावळ्यापेक्षा कार्ला-मळवली भागात राहणे अधिक बरे. सकाळी वाहनांच्या गर्दीत न अडकता पायथ्याशी पोहोचता येते आणि रात्री झोपही लवकर लागते. मोठ्या कुटुंबाने शनिवार-रविवारी आगाऊ नोंदणी केल्याशिवाय येऊ नये.

पहिला दिवस : दर्शन

पायथ्यापासून मंदिरापर्यंत साधारण पाचशे पायऱ्या आहेत. वाहने डोंगराच्या निम्म्या उंचीपर्यंत जातात, त्यामुळे ज्येष्ठांना उरलेल्याच पायऱ्या चढाव्या लागतात. अनेक कुटुंबांत तरुण मंडळी झपाट्याने वर जातात, ओटी भरतात आणि खाली येऊन वडीलधाऱ्यांच्या हातात प्रसाद ठेवतात. यापेक्षा वेगळी पद्धत सुचवावीशी वाटते. कुटुंबातील सर्वांत हळू चालणारी व्यक्ती पुढे ठेवावी व इतरांनी तिच्या मागून चालावे. दर तीस-चाळीस पायऱ्यांवर बसावे. पायऱ्यांच्या कडेला हार-नारळ, खण, बांगड्या, पेढे यांची दुकाने असल्याने बसण्यास आडोसा मिळतो, आणि मध्येच थांबले म्हणून कोणाला संकोचही वाटत नाही. अशा रीतीने चढावयास एक ते दीड तास लागेल. तो लागू द्यावा. सत्तरी ओलांडलेल्या, पण एरवी प्रकृतीने धडधाकट असलेल्या अनेक स्त्रिया या गतीने वर येतात.

गुडघ्यांचे किंवा हृदयाचे दुखणे असल्यास निघण्यापूर्वी वैद्यांचा सल्ला घ्यावा. मधुमेही व्यक्तींनी उपाशी चढू नये. देवीच्या दर्शनापूर्वी काही खावयाचे नाही असा अनेक घरांतील नेम आहे. परंतु औषध घेणाऱ्या माणसाने दूध व दोन घास घेतल्याने नेम मोडत नाही, हे घरातील वडील माणसानेच आपल्या तोंडाने सांगितले तर बरे. तरुणांनी सांगितलेले सहसा ऐकले जात नाही. डोलीची आवश्यकता वाटल्यास तिची चौकशी पायथ्याशीच करावी. ज्यांना चढणे अशक्यच आहे त्यांच्याजवळ एक जण थांबावा व तो पाळीपाळीने बदलावा.

मंदिर चैत्यगृहाच्या अगदी तोंडाशी, उजव्या बाजूस आहे. एकवीरा ही परशुरामाची माता रेणुका होय, अशी श्रद्धा आहे. वनवासात असताना पांडवांनी देवीच्या आज्ञेवरून एका रात्रीत हे मंदिर उभारले व त्यावर प्रसन्न होऊन अज्ञातवासात त्यांना कोणी ओळखणार नाही असा वर देवीने दिला, अशी आख्यायिका आहे. देवीशेजारी जोगेश्वरीची मूर्ती आहे. मंदिरात येताना अंगभर वस्त्रे असावीत असा नियम ७ जुलै २०२५ पासून करण्यात आला आहे. डोंगरावर फटाके फोडणे व धूर करणे कटाक्षाने टाळावे. कड्याला मधमाश्यांची पोळी असतात व त्या उठल्यास चेंगराचेंगरीचा धोका संभवतो. माकडांपासून नैवेद्याची पिशवी सांभाळावी. ज्या घराण्यांत तिखटाचा नैवेद्य आहे त्यांनी तो स्वयंपाक पायथ्याशी करावा, वर नेऊ नये.

चैत्यगृह पाहताना

दर्शन झाल्यावर पुष्कळ कुटुंबे चैत्यगृहाकडे पाठ करूनच उतरतात. रांगेत तास गेलेला असतो, मुले कंटाळलेली असतात. तरीही अर्धा तास राखून ठेवावा. लेणे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाच्या संरक्षणाखाली असून त्यासाठी स्वतंत्र तिकीट आहे.

भारतातील कोरीव चैत्यगृहांत हे सर्वांत मोठे मानले जाते. लांबी सुमारे ३८ मीटर, रुंदी व उंची प्रत्येकी सुमारे १४ मीटर. आत एकूण ३७ खांब आहेत. दोन्ही बाजूंच्या पंधरा-पंधरा खांबांच्या माथ्यावर गुडघे टेकलेले हत्ती व त्यांवर बसलेली माणसे कोरलेली असून स्तूपामागील सात खांब अगदी साधे आहेत. मुलांना खांब मोजावयास सांगावे. कोणता खांब साधा व कोणता नक्षीचा, ते त्यांनाच शोधू द्यावे. छताला लाकडी फासळ्या आहेत. त्या नंतर कोणी लावलेल्या नसून मूळच्याच सागवानी आहेत. स्तूपावरील छत्रही लाकडाचेच. इतक्या पावसाच्या प्रदेशात लाकूड दोन हजार वर्षे टिकले याचे कारण दगडाने त्याला दिलेला आडोसा हे होय. बाहेर चार सिंहांचा एक उंच स्तंभ आहे. त्याच्या जोडीचा दुसरा स्तंभ ज्या जागी असावा, तेथे आज देवीचे मंदिर आहे असे अभ्यासक म्हणतात.

एकाच अंगणात एका बाजूस बौद्ध चैत्य व दुसऱ्या बाजूस कुलस्वामिनीचे मंदिर, अशी ही जागा आहे. बौद्ध उपासकही येथे वंदनेसाठी येतात. म्हणून चैत्यगृहात मोठ्याने बोलू नये, स्तूपावर हळदकुंकू किंवा नाणी टाकू नयेत, खांबांना गुलालाचे हात लावू नयेत. आपल्या देवळात दुसऱ्याने जसे वागावे असे आपल्याला वाटते, तसे येथे वागावे, एवढे मुलांना सांगितले तरी पुरते.

दुसरा दिवस : भाजे किंवा लोहगड

दुसऱ्या दिवशी पुष्कळ काही पाहण्याची हौस असते. भाजे, बेडसे, लोहगड, विसापूर, राजमाची, तुंग, तिकोना अशी यादी केली की प्रत्येकाचे आवडीचे एक नाव निघते. कुटुंबाबरोबर असताना यांतील एकच निवडावे.

वृद्ध व लहान मुले असतील तर भाजे. मळवलीपासून सुमारे तीन किलोमीटरवर, थोड्या पायऱ्या चढून ही २२ लेणी पाहावयास मिळतात. कार्ल्यापेक्षा ती जुनी असून त्यांचा प्रारंभ इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात झाला. येथील खांब आत झुकलेले आहेत. लाकडी घराची सवय असलेल्या कारागिराने दगडातही लाकडी बांधणीच कोरली, ते या झुकण्यावरून ओळखावे. थोड्या अंतरावर १४ स्तूपांचा एक समूह आहे. शेवटच्या बाजूच्या विहारात रथारूढ सूर्य व हत्तीवर बसलेला इंद्र म्हणून ओळखली जाणारी शिल्पे आहेत. जवळच एक स्त्री तबल्यासारखे वाद्य वाजवीत असून दुसरी नाचत आहे. ही जोडी मुलांना हमखास आवडते.

शाळकरी मुले व तरुण अधिक असतील तर लोहगड. हा किल्ला १०३३ मीटर उंच असून लोहगडवाडीपर्यंत रस्ता आहे. तेथून बांधलेल्या पायऱ्यांनी गणेश, नारायण, हनुमान व महादरवाजा अशा चार दरवाजांतून वर जाता येते. छत्रपती शिवाजी महाराजांनी हा किल्ला १६४८ मध्ये स्वराज्यात आणला, १६६५ च्या पुरंदरच्या तहात तो मोगलांना द्यावा लागला आणि १६७० मध्ये परत घेतला गेला. ११ जुलै २०२५ रोजी युनेस्कोने ‘मराठा लष्करी स्थापत्य’ म्हणून बारा किल्ल्यांचा जागतिक वारशाच्या यादीत समावेश केला, त्यांत लोहगड आहे. त्याच यादीत खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग व सिंधुदुर्ग हे चार समुद्री किल्लेही आहेत. थळच्या किनाऱ्यावरील मुलाने खांदेरी रोज पाहिलेला असतो. तोच वारसा सह्याद्रीच्या माथ्यावर दुसऱ्या रूपात कसा दिसतो, हे त्याने लोहगडाच्या विंचूकाट्यावर उभे राहून पाहावे. विंचूकाट्याची सोंड अरुंद आहे. वाऱ्याच्या दिवशी लहानांचा हात सोडू नये. लोहगडाशेजारील विसापूर अधिक उंच असला तरी त्याची वाट कुटुंबासाठी नाही.

वेळ उरल्यास वडगाव मावळ येथे थांबावे. जानेवारी १७७९ मध्ये मुंबईहून बोरघाट चढून पुण्यावर चालून आलेल्या इंग्रज फौजेला मराठ्यांनी येथे शरण आणून तह करावयास लावले. त्या मोहिमेत कार्ल्याजवळ मारला गेलेला कॅप्टन स्टुअर्ट लोकांच्या तोंडी ‘इष्टुर फाकडा’ म्हणून राहिला. त्याचे स्मारक वडगावात आहे.

पाण्याविषयी

समुद्रकाठची माणसे पाण्याला भीत नाहीत, आणि मावळात हीच गोष्ट घातक ठरते. खाडीची भरती वेळ सांगून येते. डोंगरातील ओढा सांगत नाही. माथ्यावर पाऊस झाला की खाली ऊन असतानाही काही मिनिटांत पाणी वाढते, आणि ते खोल नसले तरी त्याची ओढ पाय टिकू देत नाही. गुळगुळीत कातळावर पट्टीचा पोहणाराही काही करू शकत नाही. ३० जून २०२४ रोजी भुशी धरणामागील धबधब्यात पुण्याहून आलेल्या एका कुटुंबातील पाच जण वाहून गेले. ते एकमेकांना धरून प्रवाहाच्या मध्यभागी उभे होते. १५ जून २०२५ रोजी मावळातच कुंडमळा येथे इंद्रायणीवरील जुना लोखंडी पूल गर्दीच्या भाराने कोसळून चार जणांचा मृत्यू झाला.

यावरून पुढील दंडक कुटुंबाने स्वतःच घालून घ्यावा. जून ते सप्टेंबर या काळात धबधब्याच्या, ओढ्याच्या किंवा धरणाच्या पाण्यात उतरू नये, पाणी घोट्याएवढे दिसत असले तरीही. पाणी गढूळ झाले, त्यात पाने-काटक्या वाहू लागल्या किंवा आवाज वाढला की त्या क्षणी काठ सोडावा. छायाचित्रासाठी थांबू नये. जुन्या पुलावर गर्दी असेल तर पलीकडे जाण्याचा बेत सोडावा. पावसाळ्यात जिल्हा प्रशासन धोकादायक ठिकाणी प्रवेशावर वेळेचे व अंतराचे निर्बंध घालते. तेथे उभा असलेला पोलीस सहल बिघडविण्यासाठी उभा नसतो. भुशी धरण मुळात रेल्वेने वाफेच्या इंजिनांना पाणी मिळावे म्हणून बांधले. ते काठावरून पाहण्यातही आनंद आहे.

खरेदी

लोणावळ्याची चिक्की सर्वांना ठाऊक आहे. घाटात रेल्वेचे काम चालले असता मजुरांसाठी गूळ-शेंगदाण्याची गुडदाणी विकली जाई, तिचेच हे रूप असे सांगतात. परंतु किनाऱ्यावरच्या घरी नेण्याजोगी मावळची खरी वस्तू म्हणजे इंद्रायणी तांदूळ. आंबेमोहराच्या सुवासाचे हे वाण वडगाव मावळच्या कृषी संशोधन केंद्रात तयार होऊन १९८७ मध्ये प्रसारित झाले. दिवाळीनंतर नवा तांदूळ शेतकऱ्यांकडून थेट मिळतो. नव्या तांदळाचा भात चिकट होतो. जेवणासाठी थोडा जुना मागावा.

तिसरा दिवस असल्यास : परतीची किनाऱ्याची वाट

सुट्टी तीन दिवसांची असेल, किंवा कुटुंब पुण्याकडील असून त्याला समुद्र पाहावयाचा असेल, तर घाट उतरून चौल-रेवदंड्यापर्यंत जाण्यासारखे आहे. खोपोली, पेण, वडखळ, अलिबाग असा हा रस्ता. वाटेत खोपोलीजवळ महड येथे अष्टविनायकांपैकी वरदविनायकाचे दर्शन होते. ज्या बंदरातून तांडे घाटाकडे निघत त्यांपैकी चौल हे एक. आज तेथे बंदराऐवजी नारळी-पोफळीच्या वाड्या, रामेश्वराचे मंदिर व दत्ताची टेकडी आहे. दत्ताच्या टेकडीलाही पायऱ्या आहेत, म्हणून आदल्या दोन दिवसांत थकलेल्यांनी रामेश्वराच्या पुष्करणीकाठीच विसावा घ्यावा. रेवदंड्याचा कोट पोर्तुगिजांनी बांधला व १७४० मध्ये तो मराठ्यांकडे आला. कुंडलिका खाडीपलीकडे कोर्लईचा किल्ला आहे. त्याच्या पायथ्याच्या गावात पोर्तुगीज व मराठी यांच्या मिश्रणातून झालेली एक निराळी बोली अद्याप बोलली जाते.

अलिबागच्या समुद्रात उभा असलेला कुलाबा किल्ला बांधण्यास शिवाजी महाराजांच्या हयातीत, १६८० मध्ये प्रारंभ झाला. ओहोटी असताना तेथे पायी जाता येते. घाटावरच्या मंडळींसाठी ही गंमत असली तरी मघाचा पाण्याचा नियम येथे उलट्या बाजूने लागू होतो. आता परके तेच असतात. निघण्यापूर्वी किनाऱ्यावरच्या कोळ्यांना ओहोटीची वेळ विचारावी. पाणी उतरत असताना जावे, किल्ल्यात गणपतीचे दर्शन घ्यावे, आणि भरती लागण्यापूर्वी वाळू ओली दिसते तोवरच परतावे. उशीर झाल्यास पाण्यातून चालत येण्याचे धाडस न करता होडीने यावे अथवा पुढच्या ओहोटीपर्यंत किल्ल्यातच थांबावे.